‘दुर्मिळ फोटो, जुनी मुंबई १८८०’ : खाली लिहिलेली साल खरी की थाप, हे कसं ओळखायचं?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक फोटो आला. गेटवे ऑफ इंडिया, समोर दोन व्हिक्टोरिया घोडागाड्या, फेटेवाले चार-पाच जण, सगळं तपकिरी रंगात. खाली ओळ : ‘दुर्मिळ! मुंबई, सन १८८०.’ पंधरा मिनिटांत चाळीस अंगठे पडले आणि ‘काय दिवस होते ते’ असे उसासे सुरू झाले.

गेटवेची पायाभरणी ३१ मार्च १९१३ ची आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. म्हणजे १८८० साली तिथे गेटवे नव्हताच.

हा फोटो सोपा होता, कारण गेटवेची तारीख कुठेही सापडते. पण रोज येणाऱ्या ‘जुनी मुंबई’, ‘जुनं पुणं’ छाप फोटोंपैकी बहुतेकांत असा एकच ठळक धागा नसतो. एक रस्ता असतो, दोन इमारती असतात, एक उभी आहे की पडली ते आठवत नाही. तरीही अशा फोटोचं ठिकाण आणि काळ शोधता येतो. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. थोडा धीर, एक भिंग आणि मोजक्या तारखा पुरतात.

लग्नाच्या फोटोवरून सुरुवात करू

घरात कुणाच्या तरी लग्नाचा जुना ग्रुप फोटो असतो. मागे काही लिहिलेलं नसतं. साल कशी काढतो आपण? धाकटा काका मांडीवर दिसतोय, म्हणजे त्याच्या जन्मानंतरचा. पणजोबा खुर्चीत बसलेत, म्हणजे ते जाण्याआधीचा. काका १९५२ चा आणि पणजोबा १९५५ ला गेले, तर फोटो त्या तीन वर्षांतला. नेमकी तारीख मिळत नाही, पण तीन वर्षांची चौकट मिळते.

शहराच्या फोटोलाही हाच हिशेब लावायचा. फोटोत जी गोष्ट आहे ती बांधली गेल्याची साल म्हणजे खालची हद्द. फोटो त्याच्या आधीचा असूच शकत नाही. जी गोष्ट दिसते आणि पुढे नाहीशी झाली, तिच्या नाहीसं होण्याची साल म्हणजे वरची हद्द. दोन्ही हद्दी जितक्या जवळ आणता येतील तितका फोटो पक्का.

काळा घोडाच घ्या. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा तो घोड्यावरचा पुतळा १८७९ साली उभा राहिला. सर अल्बर्ट ससून यांनी तो दिला होता. १९६५ मध्ये तो हलवला आणि आज तो भायखळ्याला जिजामाता उद्यानाच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे. काळा घोडा चौकात घोडा दिसला आणि पाठीवर स्वार दिसला, की चौकट १८७९ ते १९६५. घोडा आहे पण स्वार नाही, तर फोटो २०१७ नंतरचा, कारण सध्याचा बिनस्वाराचा घोडा तेव्हा बसवला. या चौकातल्या जुन्या फोटोंत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, दिसतं का तेही बघायचं. त्याची कोनशिला १९०५ ची आणि इमारत १९१४ ला पूर्ण झाली. कॅमेऱ्याचं तोंड त्या बाजूला असून घुमट दिसत नसेल, तर पासष्टवरून वरची हद्द एकदम चौदाच्या आसपास खाली येते.

चौकट कधी फारच घट्ट मिळते. विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह १८७४ ला पुरं झालं. शेजारचा राजाबाई टॉवर, ज्याचा पैसा प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावे दिला, तो १८७८ च्या नोव्हेंबरात. सभागृह तयार आहे आणि टॉवर अर्धवट, परांच्या बांधलेल्या, असा फोटो हातात आला तर चार वर्षांच्या आत काळ सापडला. सालाची चिठ्ठी त्यावर कुणी चिकटवली नाही तरी चालेल.

जे नाही, तिकडेच आधी बघा

माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा गाभा इथे आहे. आपली नजर मधल्या भव्य इमारतीवर खिळते आणि ती इमारत बहुधा काहीच सांगत नाही, कारण ती शंभर-दीडशे वर्षं तशीच उभी आहे. बोलतात त्या न दिसणाऱ्या गोष्टी.

राजाबाई टॉवरच्या माथ्यावरून पश्चिमेकडे घेतलेली दृश्यं डोळ्यांसमोर आणा. खाली ओव्हल मैदान, मग रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे थेट समुद्र. आज तिथून बघितलं तर ओव्हलच्या कडेला आर्ट डेको इमारतींची रांग दिसते, तिच्यामागे अजून रांगा आणि मग कुठे मरीन ड्राइव्ह. ही सगळी जमीन बॅकबेच्या समुद्रात भर घालून १९२० च्या दशकात तयार झाली आणि इमारती मुख्यतः १९३० च्या दशकातल्या. त्यामुळे रुळांना लागून पाणी दिसलं की फोटो भरावाच्या आधीचा. आता उजवीकडे सरका. चर्चगेट स्टेशनासमोरची बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या कचेरीची घुमटवाली इमारत, आजचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालय, दिसते का? ती १८९९ ची. तिची जागा मोकळी असेल, तर चौकट १८७८ ते १८९९. दोन रिकाम्या जागांनी काम केलं.

बोरीबंदरला तेच. व्हिक्टोरिया टर्मिनस १८७८ ला सुरू होऊन दहा वर्षांत उभं राहिलं आणि १८८७ ला राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात त्याला तिचं नाव मिळालं. समोरची महापालिकेची इमारत मात्र १८९३ ची. स्टेशन आहे आणि त्या कोपऱ्यात पालिका नाही, म्हणजे मधल्या पाच-सहा वर्षांतलं दृश्य. या दोन्ही इमारती आणि ती चर्चगेटची कचेरी, तिन्ही फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्याच. त्यामुळे सख्ख्या बहिणींसारखी त्यांची गल्लत होते. पालिकेच्या फोटोखाली ‘व्हीटी’ लिहिलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता दुरुस्त करायचंही सोडून दिलं.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. ‘नाही’ म्हणण्याआधी ती वस्तू त्या जागेवरून दिसायला हवी होती का, हे तपासायचं. झाडाआड असेल, चौकटीबाहेर राहिली असेल, धुक्यात विरली असेल. दिसायलाच हवी होती आणि तरी दिसत नाही, तेव्हाच ‘नाही’ हा पुरावा ठरतो.

ताज आणि गेटवेची जोडी या पथ्यासाठी उत्तम. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा हे त्याचे सुरुवातीचे वास्तुकार आणि काम पूर्ण केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. समुद्रातून घेतलेल्या फोटोत ताज आहे, गेटवे नाही आणि दृश्य इतकं मोकळं आहे की गेटवे असता तर दिसलाच असता, तर काळ १९०३ ते १९२४ च्या मधला, बहुधा १९१५ च्या आधीचा, कारण भरावाचं काम तेव्हा सुरू झालं. पण हॉटेलच्या गच्चीचाच जवळून घेतलेला फोटो असेल, तर गेटवे नसण्याला काडीचा अर्थ नाही.

माझी फजिती, आणि ट्रामची तार

काही वर्षांपूर्वी हॉर्नबी रोडचा, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडचा, एक फोटो ग्रुपवर आला. गाड्यांची गर्दी, सगळ्या घोड्यांच्या. एकही मोटार नाही. मी ऐटीत लिहिलं, ‘साधारण १८९५.’ बेस्टमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं : ‘वर बघा. तार आहे.’

खरंच होती. रस्त्यावरून आडवी जाणारी, दोन खांबांना ताणलेली बारीक रेघ. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली आणि विजेची ७ मे १९०७ ला. विजेच्या ट्रामला डोक्यावर तार लागते. माझा अंदाज किमान बारा वर्षांनी चुकला होता.

त्यातून शिकलो ते असं. सुरू झालेली गोष्ट उपयोगी असते, रेंगाळणारी गोष्ट फसवते. व्हिक्टोरिया गाडी मुंबईत एकविसाव्या शतकातही दिसायची, तिच्यावरून साल काढणं म्हणजे आज रस्त्यात बैलगाडी दिसली म्हणून पेशवाई समजणं. उलट ट्रामची तार, दुमजली ट्राम (१९२०), बस (१५ जुलै १९२६) या सगळ्यांना पक्की सुरुवात आहे. ट्रामला पक्का शेवटही आहे, ३१ मार्च १९६४. रूळ दिसले म्हणून ट्राम चालू होती असं मात्र समजू नका. रस्त्यात गाडलेलं लोखंड गाडी बंद पडल्यावरही बराच काळ तसंच राहू शकतं.

तेव्हापासून मी फोटो मधून बघायला सुरुवात करत नाही. चारही कडा आधी बघतो, मग आकाश, मग जमीन, सगळ्यात शेवटी इमारत.

कॅमेरा कुठे उभा होता?

लोकलच्या दारात उभं राहिलं की जवळचे खांब सपासप मागे जातात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. फोटोत याचाच उपयोग होतो. जवळच्या इमारतीचं टोक लांबच्या मनोऱ्याच्या बरोबर पुढे आलं असेल, तर त्या दोघांना जोडणारी रेघ नकाशावर ओढा आणि आपल्या बाजूला वाढवा. कॅमेरा त्या रेघेवरच कुठेतरी होता. अशी दुसरी जोडी शोधून दुसरी रेघ ओढा. दोन्ही जिथे छेदतात तिथे छायाचित्रकाराची तिवई. एकदा ती जागा मिळाली की फोटोतल्या अनोळखी, पाडलेल्या इमारतीचा प्लॉटही नकाशावर सापडतो, मग जुन्या नकाशात तिथे कोणाचं नाव लिहिलंय ते वाचायचं. मुंबईच्या नशिबाने १८६५ ते १८७२ दरम्यान लाफ्टन यांनी केलेला शहराचा सर्व्हे आहे आणि त्याचे नकाशे इतके बारकाईचे आहेत की एकेका घराची आखणी दिसते.

सावल्यांचंही तसंच. ओव्हलकडे तोंड करून उभी असलेली विद्यापीठाची आणि हायकोर्टाची रांग पश्चिमाभिमुख आहे. तिच्या दर्शनी भागावर ऊन असेल तर दुपार उलटलेली आहे. मुंबईत वर्षाचा बराचसा काळ माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, फक्त मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो डोक्याच्या उत्तरेला जातो आणि त्यातला अर्धा काळ ढगांत. उत्तरेकडची भिंत भर दुपारी उजळलेली दिसली की उन्हाळ्याचा शेवट समजायचा, किंवा फोटो उलटा छापलाय का ते तपासायचं.

टॉवरच्या घड्याळावरून वेळ वाचण्याचा मोह होतो, तो जरा आवरा. १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबई महापालिकेने ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नाही. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर आणि शहर आपल्या वेळेवर, अशी गंमत होती. हट्ट असावा तर असा.

उलटा छापणं ही कल्पना नाही, नेहमीची चूक आहे. काचेची निगेटिव्ह, म्हणजे ज्या पट्टीवरून फोटो छापतात ती मूळ प्रत, पालथी ठेवली की डावं-उजवं बदलतं. ओव्हलकडून बघताना हायकोर्ट डावीकडे, मग टॉवर, मग दीक्षान्त सभागृह, असा क्रम हवा. हायकोर्ट उजवीकडे आलं तर शहर नाही बदललेलं, काच उलटली आहे. पाट्यांवरची अक्षरं, रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या गाड्या, बाईचा पदर कुठल्या खांद्यावर आहे, यावरूनही कळतं.

कागदही बोलतो

मूळ फोटो हातात असेल तर त्याच्याकडे वस्तू म्हणून बघा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास वापरला जायचा तो अल्ब्युमेन प्रिंट. कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर देऊन त्यावर चांदीचे क्षार लावायचे, असा हा कागद. तो फार पातळ, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो, चकचकीत असतो आणि उजळ भाग पिवळे पडतात. त्यानंतर जिलेटिनचा थर असलेला कागद आला. त्यात जुन्या प्रतीच्या काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, तिरकं धरल्यावर आरशासारखी रुपेरी झाक येते. आणि भिंगातून बारीक ठिपके दिसले तर तो फोटोच नव्हे, पुस्तकातलं किंवा पोस्टकार्डावरचं छापील चित्र आहे.

सुरुवातीच्या काळात काच ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि कॅमेऱ्याचं झाकण काही सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात जो चालला तो पुसला गेला. म्हणून १८६० च्या सुमाराचे रस्ते ओसाड वाटतात आणि मधेच एखादी धुरकट भुताटकी दिसते. ‘तेव्हा किती शांतता होती’ असं त्यावर लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. माणसं होती, थांबली नाहीत इतकंच. ती काच निळ्या रंगाला अतिसंवेदनशील होती, त्यामुळे आकाशही पांढरं कोरं येई.

पण कागदाचं वय आणि दृश्याचं वय एक नसतं. सॅम्युअल बोर्न हा छायाचित्रकार १८६३ ते १८७० भारतात होता. त्याच्या काचांवरून ‘बोर्न अँड शेफर्ड’ने पुढे कितीतरी वर्षं प्रती छापून विकल्या. पोस्टकार्डावर १९१० चा टपालाचा शिक्का असेल तर चित्र १९१० च्या आतलं, इतकंच सिद्ध होतं. दुकानदार जुनाच साठा विकत असणार. त्या कार्डांवरचे रंगही खरे मानू नका. बरीच रंगीत कार्डं जर्मनीत छापून येत आणि तिथल्या कारागिराने मुंबई पाहिलेली नसे.

‘पण खाली नाव लिहिलंच आहे की!’

असतं, आणि घोळ तिथेच होतो. मथळा लिहिणारा बहुतेकदा छायाचित्रकार नसून नंतरचा विक्रेता किंवा वारस असतो.

शिवाय जुनी नावं फसवी असतात. ‘चर्च गेट’ लिहिलेल्या १८५० च्या दशकातल्या फोटोत स्टेशन शोधू नका. तो कोटाचा दरवाजा होता, आजच्या हुतात्मा चौकाजवळ. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६२ पासून, कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि दरवाजाच्या जागेवर १८६४ ला फ्लोरा फाउंटन आलं. स्टेशनाला नाव मिळालं ते त्या गेलेल्या दरवाजाचं. त्या चौकाची वरची हद्दही सोपी आहे. कारंज्याशेजारी हुतात्मा स्मारक दिसत नसेल आणि दिसायला हवं असेल, तर फोटो १९६१ च्या आधीचा. भिंती पाडल्या जात होत्या नेमक्या त्याच वेळी, १८६३ साली, गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ छापलं गेलं. नावांचा गुंता सोडवायला आजही ते हाताशी असावं असं पुस्तक आहे.

‘एस्प्लनेड’ म्हणजे एक रस्ताही होता (आजचा महात्मा गांधी मार्ग) आणि कोटाबाहेरचं अफाट मैदानही, ज्याचे तुकडे म्हणजे ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदान. ‘एल्फिन्स्टन सर्कल’ म्हणजे हॉर्निमन सर्कल. ‘क्वीन्स रोड’ म्हणजे महर्षी कर्वे रोड.

आणि ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ असं छापलं असेल तर मुंबईत शोधत बसू नका. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, एडनचा कारभारही १९३२ पर्यंत मुंबईकडेच होता. कराचीचा फ्रिअर हॉल ‘मुंबईची हरवलेली इमारत’ म्हणून फिरू शकतो, तो असा.

‘गूगलवर टाकलं की झालं, एवढी कटकट कशाला?’

फोटो टाकून तसाच फोटो शोधण्याची सोय चांगली आहे, मीही आधी तेच करतो. पण ती सांगते काय, तर हा फोटो आणखी कुठे आहे. पन्नास ठिकाणी ‘१८८०’ असं चुकीचं लिहिलं असेल तर यंत्र तुम्हाला पन्नास साक्षीदार आणून देतं, आणि ते सगळे एकाचंच ऐकून बोलणारे. त्यातल्या त्यात एखाद्या ग्रंथालयाची किंवा संग्रहालयाची मूळ नोंद सापडली तर ती धरायची, आणि तिलाही वरच्या चाळण्या लावायच्या. संग्रहालयंही चुकतात.

आता भर पडली आहे ती एआयची. इथे तीन वेगळ्या भानगडी आहेत. पहिली, रंग भरणं. यंत्राला मुंबईच्या दगडांची ओळख नाही. कुर्ल्याचा पिवळसर, मालाडचा, पोरबंदरचा फिकट, सगळ्यांना ते एकाच विटकरी-करड्या रंगात बुडवतं. रंगीत प्रत बघायला छान, पुरावा म्हणून शून्य. दुसरी, फोटो ‘शार्प’ करणं. ही जास्त घातक. धूसर पाटीवर मुळात जी अक्षरं वाचता येत नव्हती त्या जागी यंत्र अंदाजाने रेघा भरतं. खिडकीला नसलेली कमान येते, गॅलरीला नसलेलं नक्षीकाम. मग आपण त्या नक्षीवरून इमारत ओळखायला जातो. तिसरी, सबंध फोटोच बनवणं. त्यात देवनागरी पाटी वाचून बघा, अक्षरासारखं दिसतं पण अक्षर नसतं. ट्राम असते, रूळ कुठेतरी विरून जातात. इमारत व्हीटी आणि पालिकेची खिचडी असते. सगळ्यात मोठी खूण म्हणजे रेघांचा खेळ जमत नाही. खऱ्या शहरात दोन मनोरे एका रेघेत आणणारी जागा नकाशावर असते, बनवलेल्या शहरात ती नसते.

उभी आहे, पण तीच आहे का?

हरवलेल्या इमारतीपेक्षा उरलेली इमारत ओळखणं कधीकधी अवघड जातं. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन घ्या. मूळचं वॉटसन्स हॉटेल, इंग्लंडमध्ये ओतलेल्या लोखंडी सांगाड्यावर १८६० च्या दशकाअखेर उभं राहिलेलं. ७ जुलै १८९६ ला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला तो इथेच. जुन्या फोटोत दिसतात मोकळ्या, हवेशीर गॅलऱ्या आणि खाली कमानींचा पडवीरस्ता. नंतरच्या फोटोंत त्या गॅलऱ्या खोल्यांसाठी बंदिस्त केलेल्या आणि पाट्यांनी झाकलेल्या आहेत. दोन फोटो शेजारी ठेवले तर ही एकच इमारत आहे हे पटवून द्यावं लागतं.

ताजचंही तसंच. त्याचं मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं, जिथे आज पोहण्याचा तलाव आहे. त्या बाजूचा जुना फोटो पाहून लोक ‘ही कुठली इमारत?’ विचारतात. मग कुणीतरी ‘ताज उलटा बांधला म्हणून वास्तुकाराने जीव दिला’ ही कथा सांगतं. जुने फोटो त्या कथेच्या विरोधात साक्ष देतात. दारं मुद्दामच त्या बाजूला होती आणि गाड्या तिथेच येत होत्या.

याचा उपयोग फक्त गप्पांपुरता नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी नियमावली आहे, अशी नियमावली करणारं हे देशातलं पहिलं शहर. डागडुजी करताना प्रश्न येतोच, इमारत नेमक्या कुठल्या काळातल्या रूपात न्यायची? १८७० मधली मोकळी गॅलरी की १९३० मधली बंद? जुना फोटो हाच त्याचा आधार आणि त्याची साल चुकली तर लाखो रुपये खर्चून भलत्याच काळातलं रूप उभं राहतं. व्हीटीच्या दर्शनी भागातला राणीचा कोनाडा आज रिकामा आहे. पुतळ्यासह फोटो आणि त्याविना फोटो, दोन्ही ‘खरेच’, फक्त वेगळ्या काळातले.

चाळीचा फोटो कोण ओळखणार?

इथवर सगळी राजवाडी उदाहरणं झाली. व्हीटीचे हजारो फोटो आहेत. गिरगावातल्या चाळीचा एक मिळत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढले. त्या पाडलेल्या घरांचे चेहरे जवळजवळ गेलेच. उरलेल्या चाळी आता पुनर्विकासात चालल्यात. अशा फोटोंसाठी ना संग्रहालयाची नोंद, ना गूगल. तिथे माणसंच उरतात.

आमच्याकडे एक फोटो आहे. आजोबा आणि त्यांचे तीन मित्र, मागे लाकडी गॅलऱ्यांची चाळ, कडेला रस्त्याचा तुकडा. मागच्या बाजूला शाईने ‘मुंबई, सन १९१०’. मूळ प्रत नाही, कुठल्याशा स्टुडिओत नंतर करून घेतलेली नक्कल. आत्या आता अठ्ठ्याऐंशीची आहे, त्याच चाळीत वाढलेली. तिला दाखवला तर म्हणाली, ‘चाळ आमचीच, पण जिना चुकलाय. जिना डावीकडे होता.’ वय झालंय, विसरली असेल, असं आम्ही सगळ्यांनी मनात म्हटलं. मीच मोठ्याने म्हटलं, त्याची मला लाज वाटते.

महिन्याभराने फोटो मोठा स्कॅन केला. तळमजल्याच्या दुकानावर एक पुसट पाटी होती, वाचता येत नव्हती. सहज म्हणून आरशात धरली, तर ‘…णी मंडळी’ एवढं सरळ वाचता आलं. बहुधा वाणी. नक्कल करणाऱ्याने निगेटिव्ह पालथी ठेवली होती. फोटो फिरवला, जिना डावीकडे गेला. तसाच रस्त्याच्या तुकड्यात जो आडवा काळा आकार मी खोपट समजत होतो, तो निघाला ट्रामचा मागचा भाग, आणि त्याच्यावर दुसरा मजला. म्हणजे फोटो १९२० च्या आधीचा असूच शकत नाही. शाईने लिहिलेली साल किमान दहा वर्षं चुकलेली.

सरळ केलेली प्रत घेऊन आत्याकडे गेलो. तिने चष्मा वर केला, जिन्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘आता बरोबर.’ मग मी ट्रामचं सांगितलं. ‘अक्षर तात्यांचं आहे,’ ती म्हणाली, ‘तात्या चुकतील होय? तुझी ट्रामच लवकर आली असेल.’ आणि चहा ठेवायला उठली.